जळलेल्या यंत्रातली चिप

निवृत्तीनंतर बरीच प्रकरणं मनातून पुसली गेली. डोंबिवली एमआयडीसीतल्या एका तरुण टेक्निशियनचा मृत्यू मात्र पुसला गेला नाही.

कारखाना ट्रान्सफॉर्मरचा. तयार माल हाय व्होल्टेजवर तपासायच्या यंत्रात शॉक लागून तो जागीच गेला. यंत्राला जाळीचं दार होतं. ते उघडलं की वीज आपोआप तुटायला हवी होती.

सुपरवायझर हा मृताचा सख्खा मामा. त्याने जबाब दिला, "दाराची सेफ्टी त्यानेच बंद केलेली, साहेब. घाई करायचा." यंत्र आतून जळलेलं. पंचनामा करून आम्ही आकस्मिक मृत्यूची नोंद केली.

मृताची बायको पोलीस ठाण्यात येऊन म्हणाली, "घरात बल्ब बदलतानासुद्धा मेन स्विच बंद करायचे हो ते!"

पुढे कोपरीहून एका बाईंचा फोन आला. अशी यंत्रं दुरुस्त करण्याचा त्यांचा व्यवसाय. आम्ही तपासणीनंतर सोडलेलं ते यंत्र कारखान्याने त्यांच्याकडेच पाठवलं होतं. जुनी सेटिंग्ज नव्या बोर्डवर चढवायची म्हणून त्यांनी जळक्या बोर्डवरची मेमरी चिप काढून वाचली होती.

"साहेब, सेटिंग कोणाच्या पासवर्डने बदललं ते चिपमध्ये राहतं," त्या म्हणाल्या. "दाराची सेफ्टी सुपरवायझरच्या पासवर्डने बंद केलीय. यंत्र घेऊन आलेल्या ड्रायव्हरने माणूस गेल्याचं सांगितलं, म्हणून फोन केला."

पंचांसमक्ष चिप जप्त केली आणि मामाला बोलावलं.

"पासवर्ड सगळ्यांना माहीत होता," तो म्हणाला.

"भाच्याला पण?"

तो म्हणाला, "नाही. शेठ म्हणाले, दर वेळी दार लावत बसलात तर माल कधी जाणार? मी सेफ्टी बंद केली. त्याला सांगितलं असतं तर तो कामालाच उभा राहिला नसता. म्हणून नाही सांगितलं." आणि तो रडायला लागला. "मीच आणलेला त्याला गावाहून."

दार उघडलं म्हणजे वीज तुटली, असं समजून त्या मुलाने हात घातला होता.

शेठनी कानावर हात ठेवले. तोंडी हुकमाला साक्षीदार नव्हता. निष्काळजीपणाचा गुन्हा एकट्या मामावर दाखल झाला आणि त्याला अटक झाली.

"म्हणजे ह्यांची चूक नव्हती," बायको म्हणाली. "पण सासूबाईंना तुम्हीच सांगा. मला नाही जमणार."

मी शहाडला त्यांच्या घरी गेलो. आईने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "माझ्या भावाला कोठडीत जेवण जातं का?"

खरं शोधून दिलं की घरच्यांना दिलासा मिळतो, असं मी नव्या अधिकाऱ्यांना नेहमी सांगायचो. त्यानंतर कधी सांगितलं नाही. खरं शोधायचं ते मेलेल्या माणसावरचा खोटा आरोप पुसायला. त्याने जिवंत माणसांचं काय होईल, ते आपल्या हातात नसतं.