बसा म्हणायचं राहून गेलं

मला मदत केली ती आमच्या सरांनी, हे आधी सांगून टाकतो. सर अकोल्यात एका कारखान्यात कामगार अधिकारी आहेत आणि दर रविवारी अमरावतीला जाऊन आमच्यासारख्या नोकरदारांना मनुष्यबळ विकासाची पदविका शिकवतात. सोमवार ते शनिवार कारखाना, रविवारी आम्ही. त्यांची मुलगी म्हणे घरी विचारते, "बाबा, तुमचा रविवार कोणत्या वारी येते?"

मी कोकणातला. नववीतून शाळा सोडली, गावच्या ट्रकवाल्याबरोबर अकोल्याला आलो आणि इथल्या तेल मिलमध्येच राहिलो. टाइम ऑफिसात हजेरी पाहतो. सर आमच्या मिलमध्ये एकदा प्रशिक्षण द्यायला आले होते. शाळा सुटलेल्यालाही मुक्त विद्यापीठाची पूर्वतयारीची परीक्षा देऊन पुढे शिकता येतं, हे मला त्यांच्याकडून कळलं. नुसतं सांगून ते थांबले नाहीत, दुपारच्या सुट्टीत त्यांच्या कारखान्यात बोलावून अभ्यासही घेतला.

पदविकेच्या वर्गात आमच्या मिलचे मॅनेजरही होते. ते पहिल्या बाकावर, मी शेवटच्या. प्रात्यक्षिक आलं: एकाने अधिकारी व्हायचं, दुसऱ्याने कर्मचारी, आणि वर्षभराच्या कामाचा आढावा घ्यायचा. यात पास झाल्याशिवाय पदविका नाही. सरांनी मला अधिकारी केलं आणि मॅनेजरसाहेबांना कर्मचारी.

साहेबांनी दारावर टकटक केली. "आत येऊ का?"

मी ताडकन उठलो. एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. मी खुर्ची मागे ओढली, रुमालाने पुसली आणि दाराशी जाऊन उभा राहिलो. साहेबही सवयीने आले आणि त्या खुर्चीत बसले.

"अरे, यानं तं खुर्चीचाच राजीनामा देल्ला!" मागून कोणीतरी ओरडलं. अख्खा वर्ग हसला. साहेबही हसले. माझे कान जळत होते.

"पुढच्या रविवारी पुन्हा," सर एवढंच म्हणाले.

परतीच्या एसटीत त्यांना सांगायचं ठरवलं होतं, की आता मी येणार नाही. गाडी भरलेली. एकच जागा रिकामी होती, ती सरांच्या शेजारची. मी दांडीला धरून उभा राहिलो.

"काहून उभा आहेस? बस."

"असू दे सर, बरा आहे."

सर उठले आणि समोरची दांडी धरून उभे राहिले. त्यांचा उजवा गुडघा दुखतो, जिना चढताना ते थांबतात, हे मला माहीत होतं. "तू बसशीन तवा मी बसीन," ते म्हणाले. बडनेरा गेलं. मी बसलो नाही. सरांच्या मांडीला मांडी लावून बसायचं हे माझ्याच्याने होईना.

कंडक्टर तिकीट फाडत आला. "सर, तुमी दोघंई उभे, अन् सीटवर काय हवा बसून राहिली?"

"पोट्ट्याले बसाले शिकवून राहिलो," सर म्हणाले.

मूर्तिजापूरच्या अलीकडे गाडीला गचका बसला, सरांचा गुडघा वाकला आणि त्यांच्या तोंडून "आई गं" निघालं. तेव्हा कुठे मी बसलो. तेही बसले, गुडघा चोळत राहिले. वर्ग सोडतो म्हणायची मला हिंमत झाली नाही.

पुढच्या रविवारी पुन्हा टकटक झाली. मी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले. पाय उठू पाहत होते, मी उठलो नाही. टेबलावरच्या कागदात डोकं घालूनच साहेबांना वर्षाच्या कामाबद्दल विचारलं, अडचणी विचारल्या, "तुमच्याकडून अजून अपेक्षा आहे" हेसुद्धा म्हणालो. कोणी हसलं नाही. मला वाटलं, जमलं.

"पास," सर म्हणाले. "पन समोरच्याले बस तं म्हन, बाप्पा."

मी वर पाहिलं. साहेब आल्यापासून हात मागे बांधून उभेच होते. मी उठायचं नाही एवढंच घोकत होतो. बसा म्हणायचं मला सुचलंच नाही. उभं राहणं काय असतं हे त्या वर्गात माझ्याइतकं कोणाला ठाऊक होतं? पास झाल्याचा आनंद तिथेच ओसरला. आजही कोणी माझ्या टेबलासमोर आलं की माझा हात आधी समोरच्या खुर्चीकडे जातो, आणि मूर्तिजापूरपर्यंत उभे राहिलेले सर आठवून मान खाली जाते.

सर अजूनही रविवारी अमरावतीला जातात. मी पुढे शिकतोय. शिकवण्याइतका झालो की त्यांचा एक तरी रविवार मी घेणार आहे. त्या दिवशी वर्गापुढे मी उभा राहीन आणि सर घरी, मुलीच्या शेजारी, पाय लांब करून बसलेले असतील.