चुडामणच्या भरताचा निकाल

फैजपूरचा चुडामण जळका आहे, हे मी सांगायला नको. त्याच्या केळीच्या बागेलाही ते ठाऊक आहे. शेजारच्या नवलचा घड मोठा आला की याला जेवण जात नाही. नवलनं बोअर घेतली, पाणी लागलं. यानं घेतली, धूळ निघाली. पण खोल काटा एकच: भरीत. थंडीत नवलच्या मळ्यात भरीतपार्टी झाली की लोक वर्षभर तिचंच बोलतात.

गेल्या थंडीत चुडामणनं पार्टी आपल्या मळ्यात ठेवली. बामणोदची वांगी आणली, कपाशीच्या काड्यांवर स्वतः भाजली, लाकडाच्या बडगीत स्वतः ठेचली. बायको मंदाबाई म्हणाली, “इतका जीव कधी माझ्यावर नाही लावला.” यानं ऐकलं असेल तर शपथ.

नवलनं केळीच्या पानावर दुसऱ्यांदा वाढून घेतलं. चुडामण समोरच उभा. नवल बोट चाटत वर पाहून म्हणाला, “चुडामण, खरं सांगू? तुझं भरीत...” आणि आडवा झाला. हृदयच थांबलं. केळीचा ट्रक चालवणारा फारुख पंगतीत होता, तो लगेच छाती दाबायला बसला. जळगावच्या दवाखान्यात पोचेपर्यंत नाडी परतली होती, शुद्ध नाही.

गावात मग बोलणं दोनच: नवल कसा आहे, आणि फारुखचा हात कसा चालला. भरताबद्दल चकार शब्द नाही.

“पडायचं तर स्वतःच्या मळ्यात पडायचं,” चुडामण मला म्हणाला. “माझीच पंगत सापडली याले.”

असं म्हणून थेट जळगाव गाठलं, आणि आयसीयूच्या दारात ठाण मांडलं. लोकांना वाटलं, काय माया! माया कसली, वाक्य अर्धं राहिलं होतं.

डॉक्टर मेघाताईंनी नवलच्या बायकोला, दिपमालाला, समजावलं. मेंदूच्या पेशी दुखावल्या की त्यांच्यातला एक पदार्थ रक्तात उतरतो. तो जितका कमी, तितकी आशा जास्त. पण एकट्या आकड्यावर काही ठरवत नाहीत. तपासणी, मेंदूचा आलेख, सगळं मिळून पाहतात.

चुडामणनं मध्येच विचारलं, “आकडा कमी आला तर बोलंल का तो? मागचं आठवंल?”

दिपमालाच्या डोळ्यांत पाणी आलं. केवढा जीव भाऊंचा!

आकडा आला तो मोठा. नवलचा भाऊ सुकदेव म्हणाला, “घरी नेऊ. कशाले हाल करायचे?” मेघाताई म्हणाल्या, घाई करू नका, या नमुन्यात तांबड्या पेशी फुटल्यात, त्यानंही आकडा खोटाच चढतो, पुन्हा रक्त घेऊ. सुकदेव ऐकेना. तेव्हा चुडामण दारात आडवा उभा राहिला.

“सुकदेव, हा सगळ्यात माझ्या पुढं राहिला. मले उत्तर दिल्याबिगर मी याले जाऊ द्यायचा नाही.”

दुसऱ्या नमुन्याचा आकडा कमी निघाला, त्याच्या पुढच्याचा आणखी कमी. दिपमालानं हात जोडले. चुडामण पुटपुटला, “इथंबी याचाच आकडा चांगला.”

आणि नवल शुद्धीवर आला. माणसं ओळखली, चहा मागितला. चुडामण त्याच्या कानाशी वाकला.

“नवल, भरीत कसं व्हतं?”

“कोणतं भरीत?”

त्या दिवसाचं त्याला काहीच आठवत नव्हतं. मेघाताई म्हणाल्या, असं होतं, बहुतेकदा ते परत आठवतही नाही. चुडामणचं तोंड तेव्हा पाहायला हवं होतं. बोअरमधून धूळ निघाली त्या दिवशी असंच होतं.

नवल घरी आला, जरा हिंडूफिरू लागला, तशी चुडामणनं पुन्हा पंगत बोलावली, काड्या पेटवल्या. तेल नावाला, मीठ डॉक्टरांच्या हिशेबानं. नवलला खुर्ची दिली. त्यानं घास घेतला, सावकाश चावला.

“चांगलं आहे रे. माझ्यापेक्षा चांगलं.”

चुडामण गर्रकन वळला, सगळ्यांनी ऐकलं का ते पाहायला. पंगत अर्ध्या पानावरून उठून नवलच्या खुर्चीभोवती जमली होती. हृदय थांबतं म्हणजे नेमकं कसं वाटतं, हे त्याच्याकडून ऐकायचं होतं, आणि आठवत काही नसताना तो रंगवून सांगत होता.

चुडामण माझ्याशेजारी येऊन बडगी पुसत बसला.

“बघा आबा,” तो म्हणाला. “अन् मले साधं पित्तबी होत नाही.”