भांडी घासायची राख

कुरुळीत आमच्या मागच्या चाळीत दुर्गाबाई राहतात. परभणीकडच्या. मुलगा सुजित चाकणच्या कंपनीत कंत्राटावर, सून विजयश्री पॅकिंगला, आणि तीन वर्षांची नात स्वप्नाली. बाई स्वतः रोहिदासच्या शेडमध्ये कामाला जातात. बाहेर पाटी ट्रेडिंगची. आत जुने कॉम्प्युटर, मोबाइल, टीव्ही फोडतात. तव्यावर बोर्ड तापवायचा, चिपा चिकटवणारा डाख वितळला की पकडीनं चिपा उपटायच्या. शेवटी तारांची भेंडोळी जाळून तांबं काढायचं. धुरानं बाईंचा घसा कायमचा बसलाय. रोहिदासनं एकदाच हातमोजे दिले, तेही दिवाळीचा बोनस वाटल्याच्या तोऱ्यात.

बाईंना भांड्यांचं भारी वेड. साबणानं भांडं निघत नाही, हे त्यांचं ठाम मत. गावाकडे चुलीची राख होती. इथे गॅस, राख आणायची कुठून? ती शेडमध्ये सापडली. तारांखाली लाकूडफाटा जाळतात, त्याची ढीगभर राख उरते. बाई ती फडक्यातून चाळून घरी आणू लागल्या. ताटल्या, तांब्या, स्वप्नालीची दुधाची वाटी, सगळं लखलखीत. आम्ही हेवा करायचो.

मग पोर कुरकुरायला लागली. पोट धरून रडायची, जेवायची नाही. कुणी म्हणालं जंत, कुणी म्हणालं नजर. बाईंनी मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. दिवसभर टकळी चालवणारी स्वप्नाली हळूहळू गप्प झाली, आणि एका सकाळी तिला झटका आला.

मोठ्या दवाखान्यात नेलं. रक्तात शिसं निघालं. डॉक्टरीणबाई खोदून खोदून विचारत होत्या. काजळ कुठलं घालता? भांडी कशानं घासता?

"राखंनं," दुर्गाबाई जरा ऐटीतच म्हणाल्या. "आमच्यात साबण लागत न्हाई."

"राख कुठून आणता?"

बाईंनी सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, की तारांमधलं, डाखातलं शिसं त्या राखेत उतरतं. ते भांड्याला लागतं, पोटात जातं. तुमच्या साडीत, केसांतसुद्धा तेच आहे.

"म्हंजे मपल्याच हातानं लेकराला इख घातलं का वो मी?"

सुनेनं तोंड फिरवलं.

मला बाईंचा राग येत नाही. रोहिदासचा येतो. तो म्हणाला, "राख घरी न्यायला मी सांगितलं होतं का?" आणि आपलाही येतो. नवा मोबाइल घेऊन पेढे वाटतो आपण, जुना कुणाच्या चुलीत गेला याची चौकशी करत नाही.

स्वप्नाली घरी आली. झटके थांबले, पण बोलणं परतलं नाही. 'आजी' एवढा एकच शब्द उरलाय. बाकीचे येतील की नाही, डॉक्टरही सांगत नाहीत. मधल्या काळात सुजितचं कंत्राट संपलं, त्यामुळे बाई अजून त्याच शेडमध्ये जातात. अंघोळ करून कपडे बदलल्याशिवाय पोरीला हात लावायचा नाही, अशी ताकीद आहे. बाई गल्लीत दिसल्या की पोर "आजी, आजी" करत धावायची, आणि बाई लांबूनच ओरडायच्या, "सरक! शिवू नको मला!"

पोर आधी रडायची. मग धावायची थांबली.

काल बाई अंघोळ करून, धुतलेली साडी नेसून उंबऱ्यात बसल्या होत्या, दोन्ही हात पसरून. "ये माय, ये," म्हणत होत्या. स्वप्नाली दाराआडून बघत राहिली. आली नाही.