निर्गुडीच्या बाजूने माझं मत

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, गेल्या वर्षी आमच्या मुलुंडच्या सोसायटीत निर्गुडीच्या एका झुडपाला देहदंड होणार होता, आणि ते वाचवायची पाळी माझ्यावर, म्हणजे त्याच्या मालकिणीच्या कट्टर वैऱ्यावर आली.

मालकीण म्हणजे तळमजल्यावरच्या बाई. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. मी त्यांच्या वरच्या मजल्यावर. माझ्या कुंड्यांचं पाणी त्यांच्या वाळत घातलेल्या कुरडयांवर पडलं, त्यांनी माफी मागायला सांगितली, मी दुसऱ्या दिवशी कुंड्यांना दुप्पट पाणी घातलं. तेव्हापासून अबोला.

पण माझा उजवा गुडघा सुजतो, आणि निर्गुडीची पानं तव्यावर गरम करून बांधली की दोन दिवस गप्प बसतो. आवारात निर्गुडी एकच. बाई दूध आणायला गेल्या की मी चार डहाळ्या लांबवत असे.

सेक्रेटरीला त्या जागी बाइक लावायच्या होत्या. सभेत म्हणाला, "जंगली झुडूप आहे. डास होतात."

"डास पळतात याच्या वासाने!" बाईंनी पान चुरगळून थेट त्याच्या नाकाशी धरलं. "उडून जाणारं तेल आहे यात. शिवाय फ्लेव्होनॉइड्स नावाची द्रव्यं, कॅस्टिसिन आणि ल्युटिओलिन. शरीरात सूज वाढवणारी रसायनं तयार होतात, त्यांना ही आवर घालतात. उंदरांच्या सुजलेल्या पंजांवर तपासलंय हे."

"मग उंदरांनाच आणा ना मत द्यायला!" सेक्रेटरी म्हणाला.

सभा फिदीफिदी हसली. मी सगळ्यात मोठ्याने. बाई लालबुंद झालेल्या बघायला मी तिकीट काढूनही आलो असतो.

मग हात वर झाले. तोडा म्हणणारे सहा, ठेवा म्हणणारे सहा. उरलो मी.

सेक्रेटरीने डोळा मारला. "कर ना यार हात वर. तुझं तर ठरलेलंच आहे."

सहा वर्षांचं वैर म्हणत होतं, तोड. गुडघा म्हणत होता, मग मला कोण बघणार? मी उभा राहिलो. निसर्ग, पुढची पिढी, पाखरं, यांच्यावर पुढाऱ्याच्या सुरात तीन वाक्यं बोललो आणि झुडपाच्या बाजूने मत दिलं. सेक्रेटरीचा चेहरा पाहण्यासारखा झाला. आता बाई आभार मानणार, म्हणून मी मान किंचित झुकवून तयार होतो.

"निसर्ग कसला डोंबलाचा!" बाई ओरडल्या. "चोरायचीच तर जून पानं चोरा, माझी कोवळी पालवी काय ओरबाडता!"