शेवंताआजीचा कुलूपबंद रिपोर्ट

आमच्या लॅबच्या मॅडम म्हणाल्या, लिहून पाठव, कुणी जाणकार वाचेल आणि उलगडा करेल. म्हणून लिहितेय. मी चंदगडकडची, जंगलाच्या कडेला वाढलेली... तिथंही मला कधी काही दिसलं नाही, आणि ज्यांना दिसायचं त्यांच्यावर माझा विश्वास नव्हता. घाबरट मात्र मी आहे, पण ती नोकरी जाण्याला.

नववीत शाळा सुटली. लग्नानंतर नवऱ्याच्या कापसाच्या जिनिंगमधल्या कामामुळं बुलढाण्याकडच्या मलकापूरला आले. माहेर इतकं लांब, की सणालाही जाणं होत नाही. इथं दोघींनी मला सांभाळलं. एक घरमालकीण शेवंताआजी, आणि दुसऱ्या रक्त तपासायच्या लॅबच्या मॅडम. त्यांनी मला आधी काउंटरवर बसवलं, मग कॉम्प्युटर शिकवला. त्यांचे उपकार फिटणार नाहीत.

रिपोर्ट वर्डमध्ये तयार व्हायचे, मग एकेकाची पीडीएफ करून पाठवण्यात दुपार जायची. व्हिडिओ बघत, चुकतमाकत मी एक छोटा प्रोग्राम लिहिला. लायब्ररी वापरून — पुस्तकांची नव्हे. कुणीतरी आधीच लिहून ठेवलेला कोड, आपण त्याला फक्त कामं सांगायची. तो प्रत्येक फाइलची पीडीएफ करतो, पासवर्डचं कुलूप लावतो आणि पेशंटच्या मोबाईलवर पाठवून देतो. पासवर्ड म्हणजे जन्मतारीख. ती नसेल तर प्रोग्राम स्वतःच आकडे ठरवून पावतीवर छापतो.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात आजीला फार गळल्यासारखं व्हायला लागलं. मीच तिला सकाळी लॅबमध्ये नेलं.

"जन्मतारीख काय, आजी?"

"मले काय मालूम, बाई? सीतादहीच्या दिवसांत झाली, येवढंच माय सांगे."

सीतादही म्हणजे पहिला कापूस वेचताना इकडं शेतात करतात ती पूजा. मी म्हटलं, "आजी, सीतादही कॉम्प्युटरमध्ये बसत नाही."

"मंग तुह्या कॉम्प्युटरले वावरात घेऊन ये."

आधारवर नुसतं साल होतं. रकाना रिकामा ठेवला. पावती आजीनं बटव्यात खोचली. मोबाईल नंबर तिच्या मुलाचा, गजाननभाऊंचा दिला.

दुपारी मी तपासणीची किट आणायला बुलढाण्याला निघाले. गजाननभाऊ भाजी घेऊन मोताळ्याच्या बाजारात. आजी घरी एकटी, झोपलेली. इकडं मॅडमनी पाहिलं, तिचं सोडियम, म्हणजे रक्तातलं मीठ, धोक्याच्या पातळीखाली गेलं होतं. अशा वेळी माणूस झोपल्यासारखाच दिसतो आणि तसाच बेशुद्धीत जातो. त्यांनी भाऊंना फोन लावला, बाजाराच्या गलक्यात त्यांना ऐकू गेला नाही. मला लावला, मी राजूर घाटात, रेंज नाही. आजीचं घर त्यांनी पाहिलेलं नव्हतं.

रिपोर्ट मात्र प्रोग्रामनं भाऊंना पाठवला होता... कुलूप लावून.

मी परतले तेव्हा आजी दवाखान्यात, सलाइन चालू. भाऊ बाहेर बाकावर.

"तुम्हाला कुणी कळवलं, भाऊ?"

"तुमच्या रिपोर्टनंच ना, वहिनी. बोट लावलं, उघडला. मले काय समजते त्यातलं? बाजूच्या मेडिकलवाल्याले दाखवला. तो म्हने, आधी बुढीले उठवा. मंग शेजारच्याले फोन करून ऑटोत टाकाले लावलं."

"आणि पासवर्ड?"

"कायचा पासवर्ड?"

डॉक्टर म्हणाले, संध्याकाळ झाली असती तर कठीण होतं. आजी वाचली म्हणून मी हात जोडले. पण... कुलूप लागलंच नाही? म्हणजे सगळ्यांचेच रिपोर्ट उघडे गेले की काय?

भाऊंच्या फोनवर तीच फाइल उघडून पाहिली. तिनं पासवर्ड मागितला.

"मघा नव्हता मांगत," भाऊ म्हणाले.

"दुसरा रिपोर्ट होता का?"

"माय एकच हाये मले, रिपोर्ट किती राहतीन?"

लॅबच्या कॉम्प्युटरवरची प्रतही कुलूपबंदच होती. पावतीवरचे आकडे टाकले तेव्हाच उघडली. मला वाटलं, आता मॅडम रागावणार. पण त्या दुसऱ्या दिवशी मला घेऊन थेट मोताळ्याला, त्या मेडिकलवाल्याकडं गेल्या.

"सरळ उघडला, मॅडम," तो म्हणाला. "डॉक्टरले पाठवाले म्या फोटो बी काढला होता त्याचा."

फोटोत खरंच उघडा रिपोर्ट. लॅबचं नाव, आजीचं नाव, सोडियमचा आकडा. मॅडम फोटो मोठा करून बघत होत्या, त्या थांबल्या.

"जन्मतारखेचा रकाना तू रिकामा ठेवला होतास ना?"

फोटोत तिथं पूर्ण तारीख होती. साल आधारवरचंच. महिना नोव्हेंबर, सीतादहीचाच.

मूळ फाइलमध्ये तो रकाना आजही रिकामा आहे. मॅडमचा पुण्याचा भाचा प्रोग्राम लिहायचंच काम करतो. त्यानं माझा प्रोग्राम ओळ न् ओळ तपासला. "ताई, कोड बरोबर आहे," म्हणाला. मी ती तारीखच पासवर्ड म्हणून टाकून पाहिली. उघडत नाही. फोनचा दोष म्हणावा, तर फोन तारीख कुठून आणेल?

नोव्हेंबरात त्या तारखेला मी आजीसाठी शिरा केला. जन्मातला पहिला वाढदिवस. तिनं चवीनं खाल्ला, वाटी खाली ठेवली आणि विचारलं, "बाई, माह्या मायले तं सांगता नाही आली. तुह्या मशीनले कोनं सांगतली?"

मी तिच्या वाटीत आणखी शिरा वाढला. आजीचं रक्त अधूनमधून तपासतो. तारीख आता मला पाठ आहे, पण रकाना मी रिकामाच ठेवते... आणि रिपोर्ट गेला की भाऊंना फोन करून विचारते, "उघडून बघा हो, काही मागतोय का?"