गुळासोबत डार्क चॉकलेट

मंडळी, डार्क चॉकलेट खाल्ल्यानं नजर सुधारते, हे तुमच्याही मोबाईलवर आलं असेल. माझ्या बंगलोरच्या ताईनं ते वाचलं आणि तेव्हापासून आर्वीला आमच्या घरी आईच्या नावानं दर महिन्याला चॉकलेटचं पार्सल यायला लागलं.

आईला ते कडूजहर लागतं. काढा घ्यावा तशी ती डोळे मिटून रोज एक तुकडा तोंडात टाकते आणि वरून गुळाचा खडा चघळते. आम्ही हसतो, पण ती सोडत नाही.

आज तिला वर्ध्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, "मावशी, मोतीबिंदू पिकलाय. तो चॉकलेटानं जात नाही, ऑपरेशनच करावं लागेल. आवडत असेल तर खा थोडं, पण नजरेसाठी नको."

मला वाटलं, सुटली बिचारी!

परतताना एसटीत ती हळूच म्हणाली, "डॉक्टर काय म्हणे, थे ताईले सांगू नको."

"काऊन वं?"

"पार्सल बंद करन ना थे. खोकं आलं का तिचा फोन येते. आई, खाल्लं का, दिसून राह्यलं का, असं इचारते. तेवढंच बोलणं होते."

घरी आल्यावर तिनं आजचा तुकडा खाल्लाच. गूळही न विसरता.

तुमच्या घरी कोणी असं कडू गोड मानून खातं का?

ताई, तू हे वाचशीलच. आई नको म्हणाली, तरी सांगतो. आता पार्सल पाठवू नको. ऑपरेशनले तूच येजो.