फाडलेल्या कोपऱ्याचं पत्र

आकाराम माझा धाकटा दीर. उंब्रजपासनं कोसभरावर आमची वस्ती. भावकीत घरटी एक माणूस पलटणीत, पर बोटीवर गेलेला हा एकलाच. भरतीच्या सायबानं विचारलं, पवायला येतं का. हा म्हणाला, कृष्णामाईत पवतो की. तेवढ्यावर धाडला त्याला दर्यात. पायाखाली भुई न्हाई तिथं माणसानं जाऊ ने, असं मी तवाच बोलले होते. पर ह्या घरात राहीबाईचं कोण ऐकतंय?

लढाईचा वकूत. त्याचं काम बोटीच्या पोटात, इंजिनापाशी. दुरुस्तीला बोट आफ्रिकेत डरबनला लागायची. तिथं बंदरातल्या एका लहान बोटीवर बेकी नावाचा काळा गडी होता. त्यालाबी वर्दी होती, पर गोऱ्यांनी हातात बंदूक दिली नव्हती. आकारामला गोऱ्या खलाशांच्या पंगतीत जागा नव्हती, आणि बेकीला तर त्या दारातबी उभं करत नव्हते. मग दोघं धक्क्यावर बसून जेवायचे. बेकीच्या डब्यात मक्याच्या कण्या असायच्या, थेट आपल्यावाणी. आकाराम म्हणायचा, एक दिवस आपापल्या बोटी आपल्या व्हतील, मग तू ममईच्या बंदराला ये, मी तुझ्या येतो. दोघांचं इंग्रजी यथातथाच, पर गप्पांना खंड नसायचा.

त्रेचाळीस साली पाच महिने आकारामचं पत्र न्हाई. अंजना, माझी जाऊ, रोज पोस्टमनची वाट बघायची. आणि एक दिवस पोस्टमन बांधावरनं पळतच आला. हातात परमुलखाचं कार्ड, आणि त्याचा कोपरा फाडलेला.

आमच्याकडं कुणी वारलं की पत्राचा कोपरा फाडून धाडत्यात. पोस्टमन असलं पत्र पिशवीत ठेवत न्हाई, सगळ्यांच्या आधी आणून देतो. आणि घरचं माणूस ते उंबऱ्याच्या आत घेत न्हाई.

कार्डावर सगळं इंग्रजी. वस्तीवर इंग्रजी येणारे एकले मास्तर, ते चळवळीपायी रानोमाळ लपत फिरत होते. अंजना म्हणाली, आधी कुणाकडनं तरी वाचून घ्या, मग माझ्या हाताला हात लावा. मी म्हणाले, अगं बाई, फाडलेल्या कोपऱ्यात काय वाचायचं राहिलंय? माझा मालक ज्ञानू भिंतीला टेकून रडत होता. सगळ्यांनी आंघोळी केल्या. अंजनाला नदीवर नेली आणि तिच्या बांगड्या मी फोडल्या. मीच. दुसऱ्या कुणावर ढकलत न्हाई.

कार्ड मी गोठ्याच्या वळचणीला खोचून ठेवलं होतं. चौथ्या दिवशी अंजनानं ते काढलं आणि मोकळ्या कपाळानं, भर दिवसा, उंब्रजची वाट धरली. गुळाचे व्यापारी धरणेंद्र शेठ सांगलीकडचे जैन, शिकलेले. त्यांनी वाचून दाखवलं. आकारामची बोट बुडाली, पर तो जित्ता होता. दोन्ही हात भाजले होते म्हणून बेकी लिहीत होता. शेवटी लिहिलं होतं, आकारामनं एकदा सांगितलेलं, कोपरा फाडलेलं पत्र तुमच्याकडं लगेच पोचतं, म्हणून फाडलाय. त्या भोळ्या जिवानं चांगली बातमी पळत यावी म्हणून फाडला, आणि मी हिकडं तिच्या कपाळाचं कुंकू पुसलं.

अंजना परत आली ती सरळ माझ्याम्होरं उभी राहिली. मनगटावर काचंचे ओरखडे वाळले होते. म्हणाली, "आक्का, फोडल्या तुमी. आता भरा बी तुमीच." कासारणीकडनं बांगड्या आणून मी भरल्या. त्यावर सहा महिने ती माझ्याशी बोलली न्हाई. बरुबर केलं तिनं.

आकाराम परत आला. भाजल्या हातांची बोटं मिटत न्हवती, तरी नांगर धरायचा. बेकीला खरं त्यानं कधीच कळवलं न्हाई, जिवाला लावून घेईल म्हणायचा. त्यामुळं बेकीचं येईल ते पत्र कोपरा फाडूनच यायचं. पोस्टमनबी हसत द्यायचा. स्वराज्य आलं तवा आकारामनं शेठकडनं लिहून घेतलं, आमच्या बोटी आमच्या झाल्या, तुझ्या कवा? बेकीनं कळवलं, अजून न्हाई. झाल्या की पयली बोट ममईला आणतो. आकाराम सगळ्यांना सांगायचा, मी धक्क्यावर जाणार हाय त्याला आणायला.

एकोणपन्नासच्या उन्हाळ्यात तसलंच पत्र आलं. मी म्हणाले, आला वाटतं बोट घेऊन, आणि दारात आलेल्यांच्या हातावर गूळ ठेवला. अंजना एवढंच म्हणाली, आधी वाचून घ्या. मी म्हणाले, तुझं आपलं कायतरीच.

बाजाराचा दिवस होता, म्हणून मीबी आकारामसंगं शेठकडं गेले. शेठ वाचता वाचता थांबले. चष्मा काढून परत लावला. पत्र बेकीच्या बायकूचं होतं. बंदरात बोट बांधायचा दोर तुटला आणि त्याच्या तडाख्यात बेकी गेला. तो नेहमी फाडायचा, लवकर पोचतं म्हणायचा, म्हणून तिनंबी कोपरा फाडला होता.

आकाराम पोत्यावर बसला. माझ्या बोटांना अजून गूळ चिकटलेला होता, तो मी पदराला पुसत राहिले. मग तो म्हणाला, "शेठ, ल्ह्या. त्या माउलीला ल्ह्या की तुझा एक दीर हिकडं हाय. आणि बोट आली तर अजूनबी धक्क्यावर येईन म्हणावं."

शेठनी लिहिलं, पत्ता घातला. कार्ड हातात धरून दबकत इचारलं, कोपऱ्याचं काय करू?

आकाराम म्हणाला, "फाडा. तिला लवकर मिळंल."